वाटीवर नाव घालायचंय : 'एलियाहू'चा अर्थ काय, आणि लिहायचं कसं?

कुलाब्याचा_दर्या (रविवार, रात्री ९.४०)

मंडळी, काम छोटं आहे, पण दोन आठवडे त्यातच अडकलोय.

माझं लहानपण अलिबागला इस्रायल आळीच्या तोंडाशी गेलं. शाळेतला जिवलग दोस्त बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला यहुदी. १९८०च्या दशकात ते सगळे इस्रायलला गेले, आता तिथे लोद शहरात असतात. गेल्या महिन्यात त्याला नातू झाला आणि पणजोबांचं नाव ठेवलं : एलियाहू. या पणजोबांना आम्ही 'एलोजीकाका' म्हणायचो. रेशनकार्डावर ते 'एलायजा' होते, पोस्टमनसाठी 'एलिया', आणि वीजबिलावर एकदा 'इलायची' छापून आलं होतं. ते बिल काकांनी जपून ठेवलं होतं.

दोस्ताची बहीण पुढच्या महिन्यात मलिद्याच्या नवसासाठी इकडे येतेय. तिच्याबरोबर बाळाला चांदीची वाटी पाठवायची आहे. वाटी घेऊन झाली. नाव घालणारा विचारतोय, काय घालू? एलियाहू, एलिया, एलीया, इलियाहू?

विचारतोच आहे तर हेही सांगा : नावाचा अर्थ काय, आणि या नावाची आणखी कोण मोठी माणसं झाली? आणि काका छातीठोकपणे सांगायचे की अलिबागमधला 'अली' हा मुळात 'एली', म्हणजे त्यांच्यातलाच कोणी बागाईतदार. त्यात काही तथ्य?

शंकासुर (९.५२)

इलायची :-D मलिद्यात पडतेच, मग चुकलं कुठे?

जुनी_पाटी (१०.३०)

दर्यादादा, अर्थ सोपा आहे. 'एल' म्हणजे देव, 'एली' म्हणजे माझा देव, आणि 'याहू' हे इस्राएलच्या देवाच्या नावाचं आखूड रूप. हिब्रूत मधे 'आहे' लागत नाही. तेव्हा हे नाव म्हणजे एक अख्खं वाक्य आहे : 'माझा देव याहू आहे.' मी मराठीत त्यात एक 'च' घालीन. माझा देव याहूच.

तो 'च' का, ते गोष्टीत आहे. अहाब राजाची राणी ईजबेल सीदोनची, तिच्या माहेरचा देव बाल. राज्यात दोन्हीकडे हात जोडणं सुरू झालं. मग हा गिलादचा केसाळ, चामड्याचा पट्टा बांधणारा संदेष्टा कार्मेल डोंगरावर बालाच्या साडेचारशे संदेष्ट्यांना आव्हान देतो, आणि लोकांना म्हणतो, किती दिवस दोन्हीकडे लंगडणार? शेवटी गर्दी ओरडते, 'परमेश्वर हाच देव!' म्हणजे जे वाक्य याच्या नावात आहे तेच लोकांच्या तोंडी येतं. नाव आणि कथा इतकी चपखल बसलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

हिब्रूतली कितीतरी नावं 'एल'ची (दानिएल, शमुएल, यहेज्केल) आणि कितीतरी 'याह'ची (यशाया, यिर्मया, ओबद्या). या नावात दोन्ही आहेत.

पेणचा_बाप्पा (१०.४१)

म्हणजे आपल्याकडचं हरिदास, देवदत्त तसंच ना?

जुनी_पाटी (१०.५५)

हो. ओबद्या म्हणजे देवाचा दास, थेट हरिदास किंवा अब्दुल्ला. आणि नतन्याहू म्हणजे 'याहूने दिला', म्हणजे देवदत्त.

शंकासुर (१०.५७)

थांबा, म्हणजे ते पंतप्रधान आपले देवदत्तराव?

संपादक (११.०५)

नावांपुरतंच बोला. पुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

वसईची_वाट (सोमवार, सकाळी ७.१५)

आमच्या मराठी पवित्र शास्त्रात 'एलीया' छापतात, दुसरी वेलांटी. म्हणून माझा कौल एलीयाला.

पण मला एक वेगळीच जागा आठवली. येशू क्रुसावर ओरडतो, 'एली, एली, लमा सबखथनी', माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. आणि खाली उभे असलेले काही जण म्हणतात, 'हा एलीयाला हाक मारतोय.' लहानपणी मला वाटायचं, इतक्या गंभीर प्रसंगी या लोकांना नीट ऐकूही येत नाही. पाटीताईंचा प्रतिसाद वाचल्यावर कळलं की 'माझा देव' आणि त्या नावाची हाक सुरुवातीला एकच आहे. ऐकणाऱ्यांचा कान बरोबरच होता, फसला तो पुढच्या अक्षराला.

दिमोनाकर (सकाळी १०.०२)

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्रायली, माझे बाबा रोह्याकडचे. इस्रायलमधल्या दिमोनात वाढलो, मराठी आईकडून आली, तेव्हा चुका पोटात घाला.

तुमच्या काकांचं 'एलोजी' म्हणजे अस्सल आमचं. कोकणात सगळ्या नावांना 'जी' लागायचा. शमुएलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, अब्राहामचा आबाजी. १७९६ साली मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, ते हिब्रूत शमुएल यहेज्केल. नाव पवित्र शास्त्रातलं, 'जी' कोकणातला, आडनाव दिवे गावाचं.

आमच्याकडे एलियाहू हा नुसता पुस्तकातला नबी नाही. नवस त्यालाच. मूल व्हावं, परीक्षा पास व्हावी, घर व्हावं, मुलगा लढाईवरून परत यावा : एलियाहू हानाबीचा मलिदा. आमचे जुने लोक सांगतात की तो अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला तेव्हा अलिबागजवळच्या खंडाळ्याला रथ टेकला. तिथल्या खडकावर घोड्याच्या टापांच्या आणि चाकाच्या खुणा दाखवतात, म्हणून त्या जागेला म्हणतात 'एलियाहू हानाबीचा टापा'. शवात महिन्याच्या पौर्णिमेला तू बिश्वात येतो, झाडांचं नवं वर्ष. जगभरातले यहुदी त्या दिवशी फळं खातात. आमचे वाडवडील त्याला म्हणायचे 'एलियाहू हानाबीचा उरूस'.

भटकंती_डॉट_घाट (१०.२०)

अहो, खंडाळ्याला तर मी शंभरदा गेलोय, घाटात असा काही खडक पाहिला नाही!

कुलाब्याचा_दर्या (१०.२४)

दादा, ते खंडाळा वेगळं. हे अलिबाग तालुक्यातलं, इकडे चिक्की मिळत नाही.

पोहेवाली (१०.३१)

मलिदा कसा करतात? आमच्याकडे मलिदा म्हणजे कुस्करलेली पोळी, तूप, गूळ. किंवा मग राजकारणातला.

दिमोनाकर (११.१०)

आमचा मलिदा पोह्यांचा. पातळ नव्हे, जाडे पोहे. धुवून निथळायचे, ओलं खोबरं, साखर (आजी गूळ घालायची), वेलची, बदाम-पिस्ते. मोठ्या ताटात ढीग, त्याभोवती फळं : केळी, सफरचंद, खजूर, जे मिळेल ते. वर गुलाब, वासाला सब्जाची पानं. सगळे पांढरे किंवा स्वच्छ कपडे घालून बसतात. आधी 'एलियाहू हानाबी'चं गाणं, मग फळागणिक वेगळी बराखा, म्हणजे आशीर्वाद : झाडावरच्याची निराळी, जमिनीतल्याची निराळी. मग ज्याचा नवस त्याच्या घरून प्रत्येकाला वाढतात.

दिमोनात वाळवंटात नारळ आणायला आई बीर शेवापर्यंत बस पकडायची. खवणी तिने मुंबईहून जाताना ट्रंकेत नेली होती, ती अजून चालते.

पोहेवाली (११.१४)

खवणीवर एक वेगळा धागा काढा, हात जोडून विनंती.

सूक्ष्मदर्शक (दुपारी १.०५)

रशियन भाषेत एलियाहूचा होतो 'इल्या'. आणि इल्या म्हटलं की मला एकच माणूस आठवतो : इल्या इल्यिच मेचनिकोव्ह. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे त्याने दाखवलं, १९०८चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. शिवाय आंबवलेल्या दुधातल्या जंतूंमुळे आयुष्य वाढतं असं त्याचं म्हणणं होतं, आणि तो स्वतः रोज ते पीत असे. ७१व्या वर्षी गेला, म्हणजे दह्याने फार ताणलं नाही.

या मेचनिकोव्हचा ओदेसातला विद्यार्थी म्हणजे वाल्देमार हाफकिन, जन्माने यहुदी. १८९६ला मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्याने लस केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. म्हणजे आपल्या पणजोबांच्या दंडावरच्या टोचणीचा गुरू एक 'एलिया' होता.

लालबावटा (१.३०)

'इल्यिच' म्हणजे इल्याचा मुलगा. व्लादिमीर इल्यिच लेनिन! वडील इल्या उल्यानोव्ह. अरे देवा.

शंकासुर (१.३२)

'अरे देवा' नाही कॉम्रेड, 'माझा देव याहूच'.

लालबावटा (१.३५)

ब्रेझनेव्हसुद्धा लिओनिद इल्यिच. दोन्ही सरचिटणीस... म्हणजे एक सरचिटणीस आणि एक लेनिन, आयुष्यभर बापाच्या नावात देव घेऊन फिरले. आज पक्ष कार्यालयात चहावर हाच विषय काढतो.

गाणारा_गरुड (२.१०)

चायकोव्हस्कीसुद्धा प्योत्र इल्यिच. त्याला तरी सोडा.

तिकडची_मी (संध्याकाळी ६.००)

रशियात होते तेव्हा घरमालकीण गडगडलं की म्हणायची, इल्या रथ हाकतोय. २ ऑगस्टला त्यांच्याकडे इल्याचा दिवस, त्यानंतर नदीत पोहायचं नाही, पाणी गार होतं. जुन्या स्लाव्ह लोकांचा मेघगर्जनेचा देव पेरून, ख्रिस्ती झाल्यावर त्याचं काम या अग्निरथवाल्याकडे आलं असं मानतात. आपल्याकडे म्हातारी हरभरे भरडते. रथ जास्त ऐटबाज आहे, पण मला म्हातारीच जवळची.

वाचनवेडा_वामन (६.४०)

थोर मंडळींत एली विझेल राहिले! १९८६चं शांततेचं नोबेल.

जुनी_पाटी (७.०५)

वामनराव, इथे जपून. 'एली' हे फ्रेंचमध्ये एलियाहूचंच रूप खरं, पण विझेल यांचं जन्मनाव एलिएझर, 'माझा देव साह्य'. मोशेच्या धाकट्या मुलाचं नाव एलिएझर, आणि आधुनिक हिब्रू बोलीभाषा करण्यासाठी झटलेले बेन-यहुदा, तेही एलिएझर. त्याच पठडीतला अलिशा, एलियाहूचा शिष्य. गुरू आकाशात जाताना ज्याच्यासाठी खाली झगा पडला तो. 'एली' एवढंच दिसलं की तीनचार वाटा फुटतात.

खऱ्या एलियाहूंमध्ये मी पहिला मान व्हिल्नाच्या गाओनना (म्हणजे महापंडितांना) देईन, एलियाहू बेन श्लोमो झल्मान, १७२० ते १७९७. कुठलंही मोठं पद न घेता पूर्व युरोपातल्या यहुदी विद्वत्तेचा शेवटचा शब्द झालेला माणूस. यहुद्यांमधल्या भक्तिमार्गी हासिदी पंथाला त्यांनी केलेला विरोध इतका कडक की तो वाद पिढ्यान् पिढ्या पुरला. नावातला 'च' त्यांनी पुरेपूर चालवला म्हणायचं.

वाचनवेडा_वामन (७.२०)

चूक मान्य. बदली म्हणून एलियास कानेट्टी घ्या. १९०५ला बल्गेरियातल्या रुसेचा जन्म, घरात स्पॅनिश यहुदींची लादिनो, लिहिलं मात्र जर्मनमध्ये, १९८१चं साहित्याचं नोबेल. 'एलियास' हे ग्रीक वळण, हे तरी बरोबर ना?

जुनी_पाटी (७.२२)

हे पक्कं.

मशीनवाला (रात्री ८.१५)

शिवणयंत्राचं १८४६चं पेटंट एलियास हाव यांचं, दोन दोऱ्यांच्या टाक्याचं. आणि एलायजा मकॉय, आईवडील केंटकीच्या गुलामगिरीतून कॅनडात पळून आलेले. स्कॉटलंडमध्ये इंजिनिअरिंग शिकून आला, पण रेल्वेने काम दिलं कोळसा घालायचं आणि तेल घालायचं. गाडी थांबवून तेल घालावं लागे, म्हणून याने १८७२ला आपोआप तेल सोडणारी कुपी काढली. आमच्या लेथला आजही तेलाची कुपी आहे, तिच्याकडे बघितलं की हा माणूस आठवतो.

कुलाब्याचा_दर्या (८.४०)

मशीनवालेदादा, तेलावरून सांगतो. आमच्याकडे बेने इस्रायलींना 'शनवार तेली' म्हणायचे, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. एलोजीकाकांच्या आजोबांचा घाणा होता.

वसईची_वाट (८.५५)

मग हेही घ्या. दुष्काळात एलीया सारफथच्या एका विधवेकडे जातो, तिच्याकडे मूठभर पीठ आणि कुपीत थोडंसं तेल. पाऊस पडेपर्यंत ना पीठ संपलं ना तेल. तेल काही या नावाची पाठ सोडत नाही.

पेणचा_बाप्पा (९.००)

द्रौपदीची थाळी!

गॅझेटियर_काका (९.३५)

मूळ प्रश्न सगळे विसरलात. अलिबाग. १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये स्पष्ट आहे : अली नावाच्या श्रीमंत मुसलमानाने विहिरी खणल्या, बागा लावल्या, त्यावरून अलिबाग. 'एलीची बाग' ही गोष्ट बेने इस्रायली समाजात सांगतात, मीही ऐकली आहे, पण ती सांगोवांगी. मला कागद दाखवा, मी मत बदलतो.

दिमोनाकर (९.५०)

काका, तुमचा कागद इंग्रजांनी कोणाला तरी विचारूनच लिहिला ना? तेव्हा तीही सांगोवांगीच, फक्त छापलेली. आमचे लोक शतकानुशतकं कागद न ठेवता राहिले. हिब्रू विसरले, शमाची प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. सणांची नावंसुद्धा मराठी झाली : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. त्या सगळ्यात एलियाहूचं नाव टिकलं. तेव्हा बागेला एलीचं नाव असणं मला अशक्य वाटत नाही.

गॅझेटियर_काका (९.५८)

अशक्य नाही आणि सिद्ध आहे, यात मैलभर अंतर आहे. बाकी बिरड्याचा रोजा हे नाव फार आवडलं. उपास वालाच्या बिरड्यावर सोडायचा, यापेक्षा कोकणी काय असणार.

जुनी_पाटी (१०.४०)

दोघांच्या भांडणात व्याकरणाचा बिब्बा घालते. हिब्रूत 'एली' दोन आहेत. एलियाहूचं आखूड रूप 'अलेफ' या अक्षराने सुरू होतं. बाळ शमुएल ज्याच्यापाशी वाढला तो म्हातारा याजक एली मात्र 'अयिन' या अक्षराने, घशातून. त्या दुसऱ्या नावाचा संबंध वर चढणं, उंच असणं याच्याशी जोडतात, आणि अरबी 'अली' म्हणजेही उंच, थोर. तेव्हा बागवाला मुसलमान अली असो की यहुदी एली, अयिनवाला असेल तर दोघं शब्दाने भाऊच.

गंमत पुढे आहे. एलियाहू वावटळीतून स्वर्गात 'चढला' तिथे क्रियापद याच धातूचं आहे. आणि इस्रायलला स्थायिक व्हायला जाणं, 'आलिया', तेही याच धातूचं. दर्यादादांचा दोस्त आलिया करून गेला.

दर्यावर्दी_मुरूड (१०.५२)

आमच्यात इल्यास. कुराणात ३७व्या सुरेत त्यांचा उल्लेख आहे, तिथेही बालाच्या पूजेवरूनच लोकांना खडसावतात. माझ्या मामांचं नाव इलियास, मचव्यावर तांडेल होते. दोन्ही घरच्या नावांचा नबी एकच, हे मामांना ठाऊक होतं. अलिबागच्या बाजारात एका बेने इस्रायली दुकानदाराशी 'काय नाववाले!' अशी हाक मारूनच बोलायचे.

कुलाब्याचा_दर्या (११.१०)

दर्यावर्दी, दुकान कापडाचं होतं का? पायरीवर पितळी माप ठेवलेलं?

दर्यावर्दी_मुरूड (११.१३)

कापडाचंच. मापाचं आठवत नाही, पण दुकानदार जाडजूड आणि हसरे होते. मला दरवेळी खडीसाखर द्यायचे.

कुलाब्याचा_दर्या (११.१५)

एलोजीकाका!!

शंकासुर (११.१६)

धागा सार्थकी लागला. मी झोपतो.

नातवाची_आज्जी (मंगळवार, सकाळी ६.५०)

बाळाला वाटी देताय ती वेळेवर द्या. दिमोनाकर, सुंतेच्या वेळी त्या नबीची खुर्ची ठेवतात ना? कुठेतरी पाहिली होती.

दिमोनाकर (९.०५)

हो आज्जी, आठव्या दिवशी. एक खुर्ची एलियाहूची, बाळाला क्षणभर तिच्यावर ठेवतात, नावही तेव्हाच ठेवतात. पेसाखच्या (वल्हांडण सणाच्या) रात्रीही त्याच्यासाठी द्राक्षरसाचा एक पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. लहानपणी मी पेल्याकडे टक लावून बसायचो, कमी होतो का बघायला. मामा टेबलाला हळूच गुडघा लावायचा.

भटकंती_डॉट_घाट (९.४०)

सगळं वाचलं, वाचनखूण साठवली. पण वाटीवर काय घालायचं ते कुणीच सांगितलं नाही.

जुनी_पाटी (१०.००)

माझं मत : एलियाहू. 'ल'ला पहिली वेलांटी, 'हू' दीर्घ. उच्चाराला सर्वांत जवळ.

वसईची_वाट (१०.०३)

एलीया. छापील परंपरा आहे.

दर्यावर्दी_मुरूड (१०.१०)

इल्यास चालणार नाही, कळतंय :-)

कुलाब्याचा_दर्या (शनिवार, रात्री ८.३०)

मंडळी, धागा वर काढतोय.

शेवटी काकूंनाच फोन लावला, लोदला. नव्वदीच्या आहेत, कान गेलेत, पण मराठी तशीच ठणठणीत. मी सगळं सांगितलं : अलेफ, अयिन, कार्मेल, दही, लेनिन. त्या म्हणाल्या, 'अरे, इथे एलियाहू म्हणून रस्त्यात हाक मारली तर दहा जण वळतील. एलोजी म्हटलं की माझाच वळायचा. तू एलोजी घाल.' मग थोडं थांबून, 'आणि वाटी जड आहे ना? हलकी नको.'

आज बाजारात जाऊन 'चि. एलोजी' घातलं. नाव घालणारा अक्षरामागे पैसे घेतो, म्हणाला, साहेब, लांबलचक नाव सांगत होता, वाचले तुमचे. दर्यावर्दी, खाली बारीक अक्षरात 'अलिबाग' पण घातलंय.

गॅझेटियर_काका (८.४५)

अलिबाग कसं लिहिलंत? 'अ' की 'ए'?

कुलाब्याचा_दर्या (८.४७)

'अ'च. पण काकूंना सांगू नका.